व्हीलचेअर घेऊन झाडांच्या शेंड्यांवर: चढायची तयारी सगळे करतात, उतरायची कोणी करत नाही

मुलगी नाहीतर मुलगा जर्मनीत, आईवडील मे-जूनमध्ये तिकडे, आणि एका शनिवारी रात्री जेवताना ठरतं: "उद्या आईला जंगलात नेऊ या. झाडांच्या शेंड्यांवरून वाट आहे, पुढे मनोरा आहे, व्हीलचेअर थेट वरपर्यंत जाते." इथपर्यंत सगळ्यांचं सारखं असतं. दुर्दैवानं पुढचंही सारखंच असतं. निम्म्या मनोऱ्यावर मुलाला धाप लागते, आईला बाथरूमला जायचं असतं, वारा सुटतो, खुर्चीच्या मागे अडकवलेल्या बॅगेनं खुर्ची मागे कलते. कसंबसं वर पोचून फोटो काढले की लक्षात येतं, खरं काम तर आता आहे. उतरायचंय.

यातलं बरंचसं आम्ही एकदा साग्रसंगीत केलं आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून माझी आई काठी घेऊन शंभरेक पावलं चालते, त्यापुढे खुर्ची. बहीण श्टुटगार्टला असते. पहिल्या वर्षी आम्ही मनोऱ्याच्या पायथ्यापासून परत फिरलो, दुसऱ्या वर्षी व्यवस्थित वर जाऊन आलो. तेव्हापासून कोथरूडमधले निम्मे शेजारी जायच्या आधी मला फोन करतात आणि मी सांगतो त्याच्या निम्मंच करतात. म्हणून हे लिहून काढलं.

पुढचं वाचताना एवढं धरून चला: अशा ठिकाणी "व्हीलचेअर जाते" याचा अर्थ चढ मोजूनमापून सौम्य ठेवला आहे, इतकाच. वाट लहान नसते, आणि खुर्ची जाताना कोणीतरी ढकलावी लागते, येताना कोणीतरी अडवून धरावी लागते.

१. जागा निवडा: घरापासून जवळची, आणि पायऱ्यांची चौकशी करून

या वाटेला जर्मनीत 'बाउमविप्फेलफाड' म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव शेंडेवाट पडलंय, पुढे तेच वापरतो. डोंगरातल्या जंगलातल्या आणि पुणेकरांच्या मुलांच्या घरांपासून आवाक्यातल्या तीन सांगतो.

श्टुटगार्ट किंवा कार्ल्सरूहला मुलं असतील तर श्वार्झवाल्डमधलं, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमधलं, बाड विल्डबाड. वाट १२५० मीटर लांब, मनोरा ४० मीटर उंच. म्युनिककडे असतील तर बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातलं नॉयशोनाऊ: १३०० मीटर वाट, अंड्याच्या आकाराचा ४४ मीटरचा मनोरा, आणि त्याच्या पोटात जिवंत झाडं. प्रागमध्ये असाल तर चेक प्रजासत्ताकातलं लिपनो, वाट ६७५ मीटर, मनोरा ४० मीटर. पहिलीच वेळ असेल आणि ढकलणारा एकटाच असेल तर आकड्यांकडे नीट बघा. लिपनोची वाट बाड विल्डबाडच्या निम्मी आहे, मनोरा मात्र तेवढाच.

ठिकाण ठरलं की त्यांना ईमेल करून तीन प्रश्न विचारा. व्हीलचेअर नेमकी कुठपर्यंत जाते, सगळ्यात वरच्या मजल्याला पायऱ्या आहेत का, आणि व्हीलचेअरचं स्वच्छतागृह नेमकं कुठे आहे. काही मनोऱ्यांवर शेवटचा एक टप्पा पायऱ्यांचा असतो. ते आधी माहीत असलं तर काही बिघडत नाही. माहीत नसलं तर वर पोचून घरातले सगळे पायऱ्या चढून जातात, आई एकटी खाली बसते आणि परतीच्या गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही.

वाटेच्या कडेला झुलते पूल, जाळ्या, दोरांचे खेळ असतात. ते मुलांसाठी आहेत आणि मुख्य वाट त्यांना वगळून पुढे जाते. फोटोंत ते बघून "आईला कसं जमणार" म्हणून घाबरू नका.

२. चढाचा हिशोब कागदावर करा

कंटाळवाणं आहे, पण वगळू नका.

या वाटांचा चढ जास्तीत जास्त ६ टक्के ठेवलेला असतो, म्हणजे १०० मीटर चाललात की ६ मीटर वर. जर्मनीत इमारतींच्या रॅम्पसाठी हेच मानक आहे. आपल्याकडे रॅम्प १ : १२ चा, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या थोडा वर चालतो. म्हणून पुण्यात रॅम्पवर आईला ढकललेला माणूस सहा टक्के ऐकून हसतो. फरक असा, की आपला रॅम्प पाच-सात मीटरांत संपतो. ६ टक्क्यांनी ४० मीटर चढायला ६६७ मीटर चालावं लागतं. त्यातला काही चढ झाडांमधून जाताना संपतो, उरलेला मनोऱ्याभोवती गोल गोल फिरत.

आता वजन धरा. आई ६२ किलो, खुर्ची १७, सामान ४. एकूण ८३ किलो. त्याच्या ६ टक्के म्हणजे सुमारे ५ किलो. चाकांचं घर्षण धरून सहा-साडेसहा. गिरणीतून आणलेला पिठाचा डबा हातांनी सतत पुढे रेटत राहायचा, आणि मध्ये थांबलात तरी सोडायचा नाही. पाच मिनिटं कोणीही रेटेल. पस्तिसाव्या मिनिटाला मनगटं बोलायला लागतात.

वडील ८५ किलोचे असतील तर आकडा पुन्हा मांडा. खुर्चीतल्या माणसाचं वजन ७० च्या वर असेल तर ढकलणारे दोन हवेत, आणि हे माझं ठाम मत आहे. दोघांपैकी एक साठीच्या पुढचा असेल तर तो मोजू नका. "मी अजून सिंहगड चढतो" म्हणणाऱ्या काकांनाही मोजू नका. गड चढताना ते स्वतःचं वजन उचलतात, दुसऱ्याचं नव्हे.

थांबा, तपासा: ढकलणारे कोण, त्यांची नावं ठरली का? "कोणीतरी करेल" हे नाव होत नाही.

३. खुर्ची: घरची न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची

आपल्याकडे बहुतेक घरांत असते ती लोखंडी घडीची खुर्ची. ती घरात आणि दवाखान्यात ठीक. शेंडेवाटेवर तिच्या तीन उणिवा उघड्या पडतात.

पहिली, सोबत्यासाठी ब्रेक नसतो. मागच्या चाकांना दाबायच्या दोन दांड्या असतात त्या खुर्ची उभी ठेवण्यासाठी आहेत. चालत्या खुर्चीचा वेग कमी करायला त्या दाबल्या तर एक चाक आधी अडकतं, खुर्ची गर्रकन वळते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. तुम्हाला हवी आहे ढकलायच्या मुठींपाशी सायकलसारखे ब्रेक असलेली खुर्ची. खरेदी करताना, भाड्याने घेताना हे पहिलं बघा.

दुसरी, पुढची चाकं फार लहान. वाट लाकडी फळ्यांची असते, फळ्यांमध्ये फटी असतात. लहान कडक चाक फटीत अडखळतं आणि खुर्ची झटका देते. पुढची चाकं जितकी मोठी आणि मऊ तितकं बरं.

तिसरी उणीव कोणालाच सुचत नाही: मुठींवरची रबरं. जुनी रबरं उन्हानं आणि घामानं सैल होतात. चढताना आपण पुढे रेटतो म्हणून ती जागेवर राहतात, उतरताना मागे ओढून धरतो तेव्हा हातात निघून येतात. आमच्या पहिल्या वर्षी डावं रबर असंच माझ्या हातात आलं. सुदैवानं ते गावातल्या सपाट फुटपाथवर आलं.

जर्मनीत वैद्यकीय साहित्याच्या दुकानाला 'सानिटेट्सहाउस' म्हणतात आणि तिथे खुर्च्या भाड्याने मिळतात. सोबत्याचे ब्रेक असलेलीच मागा. माझा सल्ला असा: आई रोज खुर्ची वापरत असेल तर तिची सवयीची खुर्ची न्या, पण डोंगराच्या दिवसासाठी तिथली भाड्याची घ्या. फक्त लांब चालण्यासाठीच खुर्ची लागत असेल तर घरची नेऊच नका.

तपासणी, निघायच्या आदल्या संध्याकाळी:
चाकांत हवा आहे का? हवा कमी असली तर उभी ठेवायचा ब्रेक चाकाला नीट लागत नाही. ब्रेक लावून खुर्ची हातानं ढकला, सरकता कामा नये. रबरं ओढून बघा. कमरेचा पट्टा आहे का आणि त्याचं बक्कल लागतं का? फूटरेस्ट दोन्ही आहेत का? गादी घेतली का? तीन तास नुसत्या रेक्झिनवर बसून बघा, मग गादी आपोआप आठवेल.

४. पुण्यात सराव: तीन संध्याकाळी पुरेत

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प सगळ्यात सोयीचा. फोनमध्ये कोन मोजायचं साधन असतं. फोन रॅम्पवर आडवा ठेवा. ६ टक्के म्हणजे जेमतेम साडेतीन अंश. पार्किंगचा रॅम्प बहुधा सात अंशांच्या आसपास भरेल, म्हणजे दुप्पट. तिथे जमलं की तिकडे जमेल. आमचा रॅम्प १२ मीटरचा आहे, एका फेरीत दीड मीटर चढ. ४० मीटरसाठी सत्तावीस फेऱ्या होतात. एवढ्या करू नका, वॉचमन वेगळीच चौकशी करतो. आठ-दहा करा, गाड्यांची वर्दळ नसताना.

पहिल्या दिवशी खुर्चीत आईऐवजी तांदळाची पोती. दुसऱ्या दिवशी घरातलंच एखादं धडधाकट माणूस, जे बसल्या जागेवरून "हळू", "डावं चाक" असं सांगू शकेल. तिसऱ्या दिवशी आई. हा क्रम उलटा करून थेट आईला बसवणारे लोक मी बघितलेत. पहिल्याच झटक्याला ती घाबरते आणि मग कुठेच यायला तयार होत नाही.

सरावात ढकलण्यापेक्षा उतरवण्याला जास्त वेळ द्या. पार्किंगच्या रॅम्पवर खुर्ची नेहमी उलटी उतरवा: तुम्ही खाली, पाठ उताराकडे, खुर्चीची पाठ तुमच्याकडे. ६ टक्क्यांवर ब्रेकवाली खुर्ची सरळ उतरवता येते, पण उलटं उतरवायची सवय हातात असलेली बरी.

उंचीची भीती वेगळी तपासा. वनाझ ते रामवाडी मार्गावरच्या कुठल्याही मेट्रो स्टेशनवर लिफ्टनं वर जा आणि रस्ता दिसेल अशा जागी आईबरोबर दहा मिनिटं थांबा. भीती वाटत असेल तर ती इथे पौड रोडवर कळू दे.

आणि मनाची तयारी. आमची आई म्हणाली, "अरे, मला खुर्चीत बसवून मिरवणूक काढू नका. मी चालते." यावर वाद घालू नका. सपाट भागात तिला हवं तेवढं चालू दे. फक्त आधी कबूल करून घ्या की मनोरा चढताना आणि उतरताना बसायचं. गुडघे-खुब्याच्या माणसाला चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो, हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आपलं ऐकत नाहीत.

सावधान: चालताना आधार म्हणून रिकामी खुर्ची तिच्या हातात देऊ नका. उतारावर खुर्ची पुढे पळते आणि माणूस तिच्या मागे.

५. कपडे, खाणं, औषधं

ढकलणारा घामाघूम होतो आणि बसलेला कुडकुडतो. सगळी गडबड इथे होते, कारण स्वेटरचा निर्णय ढकलणारा घेतो. "काही थंडी नाहीये गं!" मे महिन्यात खाली गावात ऊन असलं तरी ४० मीटरवर वारा असतो, आणि आई हलत नसते. तिच्यासाठी दोन पातळ स्वेटर, वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, लोकरी मोजे, हातमोजे. लक्ष्मी रोडवर सगळं मिळतं, पण जाड एकच कोट घेण्यापेक्षा पातळ दोन थर बरे, काढता-घालता येतात.

साडी. याविषयी बायका माझ्यावर चिडतात, तरी सांगतो. पदर मागच्या चाकाच्या तारांत जातो आणि निऱ्या पुढच्या चाकाखाली येतात, दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस, ओढणीशिवाय. साडीच नेसायची असेल तर पदर कमरेला खोचून पिन, आणि मांडीवरची शाल दोन्ही बाजूंनी मांडीखाली दाबलेली.

पुण्याहून खाऊ नेताना एक लक्षात ठेवा: युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशाच्या सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, तूप घरी ठेवा. बाकरवडी आणि चिवडा न्या. डोंगराच्या दिवसासाठी दशम्या आणि चटणी बहिणीच्या घरी सकाळी करून घेतल्या, उत्तम टिकल्या.

मधुमेह असेल तर जेवणाची वेळ मनोऱ्यावर येणार नाही अशी आखणी करा. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या, त्याही ढकलणाऱ्याच्या खिशात. बॅग नेमकी दुसऱ्या कोणाकडे असते. लघवी होणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी घेत असाल तर त्या दिवशीची वेळ डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवा. आमच्या पहिल्या वर्षीच्या फजितीचं मूळ त्या एका गोळीत होतं.

६. विमानाचं थोडक्यात

विमान कंपनीला व्हीलचेअरची मदत हवी असल्याचं उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी कळवा आणि नेमका प्रकार सांगा: फक्त लांब चालता येत नाही, की पायऱ्याही चढता येत नाहीत, की जागेपर्यंत उचलून न्यावं लागेल. यांचे संकेत वेगवेगळे आहेत (डब्ल्यूसीएचआर, डब्ल्यूसीएचएस, डब्ल्यूसीएचसी). चुकीचा टाकला तर शिडीपाशी कोणीच नसतं. स्वतःची खुर्ची सामानाच्या वजनात धरली जात नाही. लिथियम बॅटरीची विजेची खुर्ची असेल तर बॅटरी किती वॉट-अवरची आहे ते बघा. सुटी निघणारी बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंत चालते आणि ती काढून केबिनमध्ये न्यावी लागते.

खुर्ची विमानाच्या दारात सोपवण्याआधी फूटरेस्ट आणि गादी काढून स्वतःजवळ ठेवा. हातात नसलेली प्रत्येक सुटी वस्तू हरवते.

७. तारीख आणि वेळ: शेवटापासून मागे मोजा

लोक सकाळी निघायची वेळ ठरवतात आणि पुढचं होईल तसं. उलट करा. शेवटच्या प्रवेशाची वेळ बंद व्हायच्या वेळेच्या बरीच आधी असते, आणि दोन्ही वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. संकेतस्थळावर त्या महिन्याची वेळ बघा. चालणारी माणसं दीड तासात फिरून येतात. व्हीलचेअरला मी तीन तास धरतो. त्यात जेवण नाही.

म्हणजे बंद व्हायच्या वेळेतून साडेतीन तास वजा करा, त्याआधी तुम्ही आत असायला हवं. त्यातून गावापासून वर जायचा वेळ, त्यातून गाडीचा, त्यातून आईला तयार व्हायला लागणारा. आलेली वेळ बघून बहुतेकांना धक्का बसतो. आम्हाला पहाटे सव्वासहाला उठावं लागलं.

रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या टाळा. गर्दीत खुर्ची स्वतःच्या वेगानं नेता येत नाही, आणि मागचा माणूस "एंटशुल्डिगुंग" (माफ करा) म्हणाला की आपण घाबरून जोरात ढकलतो. मंगळवार-बुधवार उत्तम.

वादळ, विजा, जोराचा वारा किंवा बर्फ असेल तर वाट बंद करतात. नुसता पाऊस असेल तर चालू असते, पण ओल्या लाकडावर बूट घसरतात. ढकलणाऱ्याचे बूट खाचेच्या तळव्याचे हवेत. आदल्या रात्री हवामान बघा आणि दुपारी गडगडाट दाखवत असतील तर दिवस बदला. जूनमध्ये डोंगरात दुपारची वादळं नेहमीचीच.

थांबा, तपासा: बदली दिवस ठरलाय का? एकच दिवस हातात असेल तर माणसं वाईट निर्णय घेतात.

८. तिथपर्यंतचा प्रवास

उदाहरण बाड विल्डबाडचं देतो. श्टुटगार्टहून फोर्ट्सहाइमपर्यंत रेल्वे, तिथून एस ६ ही लोकल थेट बाड विल्डबाडला. गावातून डोंगरावर, सोमरबर्गवर, फ्युनिक्युलर जाते, म्हणजे दोरानं ओढली जाणारी उताराची गाडी, सुमारे ३०० मीटर वर. वर उतरून शेंडेवाटेच्या दारापर्यंत थोडं चालावं लागतं.

रेल्वेत चढाउतरायला मदत हवी असेल तर डॉइच बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, मदतसेवेला आदल्या दिवशीच कळवा. स्टेशनांच्या माहितीत लिफ्ट चालू आहे की बंद तेही दिसतं. निघायच्या सकाळी दोन्ही स्टेशनं बघा. फ्युनिक्युलर वर्षातले काही दिवस देखभालीसाठी बंद असते, त्या तारखा आधी बघितल्या नाहीत तर गावातच कॉफी पिऊन परत याल.

आपत्कालीन क्रमांक ११२. सगळ्यांच्या फोनमध्ये हवा, आईच्याही.

९. दाराशी: आधी स्वच्छतागृह, मग तिकीट, मग फोटो

क्रम हाच. एकदा वर गेलात की "जरा थांब, जाऊन येते" शक्य नाही. सगळी वाट उतरून परत यावं लागतं. आईला आत्ता जायचं नसलं तरी न्या.

जर्मनीत व्हीलचेअरची बरीच सार्वजनिक स्वच्छतागृहं कुलूपबंद असतात आणि सगळ्यांना 'युरो की' नावाची एकच किल्ली लागते. ही किल्ली १९८६ पासून डार्मश्टाटची सीबीएफ ही संस्था अपंगत्वाचा पुरावा बघून देते. तुमच्याकडे ती नसणार. म्हणून बंद दारापाशी उभं राहून धडपडण्यापेक्षा तिकीट खिडकीवर आधी विचारा.

सवलतीसाठी आईचं यूडीआयडी कार्ड (आपल्याकडचं अपंगत्वाचं ओळखपत्र) असेल तर दाखवा, विचारायला काही जात नाही. तिथली सवलत तिथल्या कार्डावर बेतलेली असते, त्यामुळे पूर्ण तिकिटाचे पैसे धरूनच घरून निघा.

नातवंडं बरोबर असतील तर इथेच एक ठरवून घ्या. बाड विल्डबाडच्या मनोऱ्यात ५५ मीटर लांबीची नळीसारखी घसरगुंडी आहे. नातू वरून बसला की काही सेकंदांत खाली, आणि तुम्हाला खुर्ची घेऊन खाली यायला अर्धा तास. खाली कोण उभं राहणार, ते आत शिरण्याआधी ठरवा.

१०. चढणं

बॅग मुठींना अडकवू नका. सगळ्यात सर्रास आणि सगळ्यात धोकादायक चूक हीच आहे. चढावर खुर्चीचा तोल आधीच मागे गेलेला असतो. त्यात मागे पाच किलोची बॅग आणि पुढे हलकी आई, म्हणजे पुढची चाकं उचलली जातात. बॅग सीटखाली, नाहीतर बरोबरच्या माणसाच्या पाठीवर.

आईला पार मागे टेकवून बसवा, पट्टा लावा, पाय फूटरेस्टवर, हात मांडीवर. हात चाकांवर राहिले तर बोटं चिमटतात.

हात सरळ ताठ ठेवून पायांनी ढकला, कोपर वाकवून खांद्यांनी नव्हे. पावलं लहान. दर शंभरेक मीटरवर, दमला नसलात तरी, ढकलणारा बदला. दमल्यावर बदलायचं म्हटलं की "अजून थोडं" सुरू होतं. थांबताना दोन्ही ब्रेक लावा, खुर्ची थोडी तिरकी करा, आणि तरीही एक हात मुठीवर ठेवा. शक्य तिथे सपाट तुकड्यावरच थांबा.

प्रत्येक हालचाल आधी आईला सांगा: "आता वळतोय", "आता पट्टीवरून जाणार, जरा दणका बसेल". पाठीमागून न सांगता ढकललं जाणं किती वाईट वाटतं ते सरावाच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसलेल्याला विचारा.

झाडांमधल्या भागात घाई करू नका. स्प्रूस आणि फरचे शेंडे हाताच्या अंतरावर येतात, बीचची पानं मेमध्ये इतकी कोवळी असतात की ऊन आरपार दिसतं. आई इथेच सगळ्यात जास्त रमली. सगळ्यांचं लक्ष मनोऱ्याकडे असतं आणि हा भाग रस्ता म्हणून उरकला जातो.

थांबा, तपासा, मनोऱ्याच्या पायथ्याशी: ढकलणाऱ्यांची निम्मी ताकद शिल्लक आहे का? आईला थंडी, चक्कर, बाथरूम? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर डळमळीत असेल तर इथून परत फिरा. पहिल्या वर्षी आम्ही फिरलो. त्या दिवशी आम्ही केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट होती.

११. वर

बसलेल्या माणसाचे डोळे कठड्याच्या पट्टीच्या जवळपास येतात. उभ्या माणसाला दिसणारा देखावा तिला दिसत नाही, नुसती आडवी फळी दिसते. त्यामुळे आधी एकानं सगळीकडे फिरून जाळीतून मोकळं दिसेल अशी जागा शोधा आणि मग खुर्ची तिथे न्या. कठड्याला तोंड करून, दोन्ही ब्रेक लावून.

पंधरा-वीस मिनिटं पुरेत. वाऱ्यात त्याहून जास्त नको. चहाचा थर्मास इथे काढा, अर्धा कप. अर्धाच.

१२. उतरणं

चढताना जी पाच किलोची ओढ तुम्ही ढकलत होतात तीच आता तुम्हाला ओढते, आणि फरक असा की चढताना दमलात तर खुर्ची मंदावते, उतरताना दमलात तर ती पळते. हात आधीच थकलेले असतात. म्हणून चढताना सगळी ताकद वापरणारा माणूस उतरवायला घेऊ नका, दुसरा घ्या.

सोबत्याचे ब्रेक असतील तर सरळ उतरा: दोन्ही ब्रेक एकाच वेळी, हलके, दाब-सोड. शरीर मागे झुकलेलं, पावलं लहान. वेग तुमच्या नेहमीच्या चालीच्या निम्मा. वेग वाढल्यावर ब्रेक दाबायचा नाही, तो वाढूच द्यायचा नाही.

ब्रेक नसतील तर खरं म्हणजे तुम्ही मनोऱ्यावर असायला नको होतं. पण आहातच, तर दोन माणसं. एक मुठींवर. दुसरा मागून, खुर्चीच्या चौकटीला बांधलेला रुंद पट्टा धरून चालणारा. पट्टा चौकटीलाच बांधा, मुठीला किंवा पाठीच्या कापडाला नव्हे. जिथे गर्दी नसेल आणि उतार जाणवत असेल तिथे उलटे उतरा. पुढे एखादं पोर पळत येतंय का बघायला तिसरा माणूस असला तर उत्तम.

उतरताना बोलणं, फोन, फोटो काही नाही. मनोऱ्यावर गोल फिरत उतरताना आईला थोडं गरगरतं. तिला लांब क्षितिजाकडे बघायला सांगा, खाली फळ्यांकडे नको. दर दोन फेऱ्यांनी कडेला थांबा, दोन्ही ब्रेक, हात झटका, मग पुढे. मागचे लोक पुढे जाऊ देत. ते जातात, कोणी काही म्हणत नाही. दडपण आपल्याच डोक्यात असतं.

सावधान: मनोरा उतरून झाडांमधल्या वाटेवर आलात की हायसं वाटतं आणि पकड सैल होते. उतार मात्र संपलेला नसतो.

१३. परत निघताना

पुन्हा स्वच्छतागृह. मग जेवण, उबदार जागी बसून. आईचे पाय फूटरेस्टवरून काढून दोन मिनिटं हलवून घ्या, घोट्यांना सूज आहे का बघा. गादीखालची त्वचा घरी गेल्यावर तपासा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी खुर्ची नको.

फ्युनिक्युलरमध्ये आणि रेल्वेत खुर्ची चढवताना फूटरेस्ट काढावे लागतात, मग ते कुठल्यातरी सीटवर ठेवले जातात, आणि उतरायच्या घाईत तिथेच राहतात. आमचा डावा फूटरेस्ट अजून फोर्ट्सहाइमकडे फिरतोय. गाडीतून उतरलात की दार बंद व्हायच्या आत मोजा: आई एक, बॅगा दोन, फूटरेस्ट दोन.